खंडेनवमीला फिरवलेलं चाक

खंडेनवमीला चाकणच्या एका गिअरच्या कंपनीत घरच्या माणसांना आत सोडतात. मशिनांना झेंडूच्या माळा घालायच्या, पेढे वाटायचे आणि त्या दिवशी कुठलंही मशीन फिरवायचं नाही. हा शेवटचा नियम पाळण्यात कुलदीपचा हात कुणी धरू शकत नव्हतं. निघोज्याचा हा सुपरवायझर त्या दिवशी पान्याला चुकून हात लावणाऱ्यालाही फैलावर घ्यायचा.

यंदा मुलगी बरोबर होती, पण बापलेकीत धड बोलणं नव्हतं. सायलीला बंगळूरला क्वांटम कॉम्प्युटरवर संशोधन करायला जागा मिळाली होती आणि होय की नाही ते संध्याकाळपर्यंत कळवायचं होतं. हे यंत्र पुरेसं मोठं झालं की बँकांची, सरकारांची गुपितं उघडी पडतील, असं कुलदीपच्या कानावर आलं आणि त्याला आयतंच निमित्त मिळालं. कुलपं फोडायची विद्या आपल्या घरात नको, असं त्यानं जाहीर करून टाकलं. खरं कारण तो ओठांवर येऊ देत नव्हता. थोरला मुलगा दिग्विजय असाच शिकायला म्हणून कॅनडाला गेला आणि तिकडचाच होऊन बसला.

तपासणीच्या टेबलावर दोन गिअर एकमेकांत अडकवून ठेवले होते. ते हातानं फिरवून बघायचे असतात. सायलीनं खडू घेतला आणि जिथं दोन दात भिडले होते तिथं दोन्ही चाकांवर खूण केली. या खुणा परत कधी भिडतील, असं तिनं विचारलं.

कुलदीपला हसू आलं. सदतीस दात आणि एकेचाळीस दात, म्हणजे लहान चाकाचे एकेचाळीस फेरे. तोच दात त्याच दाताला सारखा घासू नये म्हणून तर असे आकडे घेतात.

मग सायली सांगू लागली. समजा, चाकं बंद पेटीत आहेत आणि दात किती ते ठाऊक नाही. खुणा किती फेऱ्यांनी परत जुळतात एवढं कळलं, तर त्यावरून आतले दात काढता येतात. संगणकातली बरीचशी कुलपं जवळपास अशीच आहेत. दोन प्रचंड मूळ संख्यांचा गुणाकार सगळ्यांसमोर असतो, त्या दोन संख्या तेवढ्या पेटीत. आणि फेरे इतके, की सूर्य विझेल पण खुणा जुळायच्या नाहीत.

“आन तुझं यंत्र ते झटक्यात फिरवतंय?”

“फिरवतच नाही, आप्पा.”

सगळे फेरे त्यात एकदम लाटांसारखे उमटतात, ती म्हणाली. लांबून ढोलपथक ऐकताना चुकार ठोके विरून जातात आणि ठेका तेवढा कानावर येतो, तसे चुकीचे फेरे एकमेकांना खोडतात आणि खरा उरतो. एवढं मोठं यंत्र अजून कुणाकडेच नाही, आहेत ती लहान आणि फार चुकणारी. पण गणित पक्कं आहे, आणि ते जाणणारी माणसंच आता नवी कुलपं घडवताहेत.

कुलदीपच्या अंगावर काटा आला. उभा जन्म चाकं फिरवण्यात गेला होता, आणि इथं न फिरवताच फेरा कळणार होता. माळा घातलेल्या त्या गप्प मशिनांसमोर तो उभा होता. देवळात गेल्यावर वाटावं तसं त्याला वाटत होतं.

मग त्यानं हात पुढे केला आणि चाक फिरवलं. शेजारच्या मशिनवरचा कामगार प्रज्वल पेढा खायचा थांबून बघतच राहिला. खडूच्या खुणा लांब गेल्या, जवळ आल्या, हुकल्या, परत लांब गेल्या. मध्येच कुलदीपचा हात थांबला.

“खुणा परत भेटत्यात, हे नक्की?”

“नक्की, आप्पा. चाकं कितीही मोठी असोत.”

“मंग जा. कळव त्यांना.”

सायलीनं फोन काढला. प्रज्वल खडू पुसायला फडकं घेऊन आला, तर कुलदीपनं त्याला हातानंच अडवलं.

“असू दे,” तो म्हणाला. “आजून निम्मंच फिरलंय.”