सरळ केलेला फोटो

देवेश गावडेला वाकडं काही बघवत नसे. दुसऱ्याच्या घरी गेला तरी भिंतीवरचं कॅलेंडर आधी सरळ करणार, मग पाणी पिणार. हे खूळ जन्मजात नव्हतं. अंधेरीला एका कुरिअर कंपनीत बिलिंगचं काम करणारा हा माणूस रविवारी जोगेश्वरीच्या फोटोग्राफी क्लबात जायला लागला आणि तिथे ते त्याच्या मानगुटीवर बसलं. गळ्यात मोठाले कॅमेरे अडकवलेले डॉक्टर, वकील, आणि त्यांच्यात हा आपला मोबाइल घेऊन. पहिल्याच स्पर्धेत त्याने खाडीचा फोटो दिला. परीक्षकांनी तो सगळ्यांसमोर पडद्यावर लावला आणि म्हणाले, "पाणी सांडतंय हो तुमचं उजवीकडे. आधी लेव्हल शिका, मग कला."

हशा पिकला. देवेशही हसला, पण ते हसणं त्याला फार लागलं. आपण यांच्या लेव्हलचे नाही, हे त्याला माहीत होतंच. ते असं पडद्यावर मोठं करून दाखवायची गरज नव्हती. त्यानंतर त्याच्या हातून एकही फोटो वाकडा सुटला नाही. काढला की एडिटमध्ये घ्यायचा, रेघांच्या जाळीवर ठेवायचा, अंगठ्याने फिरवायचा आणि सरळ झाल्याशिवाय कुणाला दाखवायचा नाही. वर्षभरात क्लबाने त्याला सर्टिफिकेट दिलं. तो राहत होता त्या चाळीतल्या सगळ्यांनी ते पाहिलं, आणि सगळ्यांत जास्त कौतुक जानकीकाकीने केलं.

काकी म्हणजे विक्रोळीच्या त्या तीनमजली चाळीतल्या पहिल्या माळ्यावरची शेवटची खोली. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी रुचिरा लग्न होऊन मुलुंडला. देवेशचे आईवडील गावी परतले तेव्हापासून त्याचं दोन्ही वेळचं जेवण काकीकडे. पैशांचा विषय काढला की ती लाटणं दाखवायची. ऑफिसमधून आल्यावर तिच्या हातची गरम भाकरी आणि सुकटीची चटणी मिळाली की त्याला घर मिळाल्यासारखं वाटे, हे त्याने कधी बोलून दाखवलं नाही, पण काकीला कळत होतं.

चाळीच्या बाजूला, काकीच्या खोलीकडच्या टोकाला लागून, टॉवर व्हायचा होता. त्यासाठी केवढा तरी खड्डा खणला होता, दिवसभर मशीन धडधडायचं. दिवाळी झाली आणि काकीच्या तक्रारी सुरू झाल्या.

"रे देवेशा, माझा दार आपसूक उघडता. आणि पाणी बघ. मोरी थंय आणि पाणी हंय येता, चुलीकडे."

"काकी, लादी जुनी झाली. लेव्हल गेली असेल."

"लादी काल जुनी झाली काय? माका भ्या वाटता रे झिला."

तिने रुचिराला फोन केला. रुचिरा म्हणाली, शनिवारी टेम्पो घेऊन येते, तू भांडी बांधून ठेव. आणि चाळीत खळबळ उडाली. पुनर्विकासाच्या वाटाघाटी चालू होत्या, आणि मुंबईत चाळकऱ्याला एकच धडा पाठ असतो: खोली सोडली की हक्क गेला. कुलूप दिसलं की बिल्डर म्हणतो, इथे राहतं कोण? चाळ कमिटीचा सेक्रेटरी सौरभ परब तडक देवेशकडे आला.

"यार, म्हातारी गेली ना, की तिच्या मागे अजून चार जण जातील. मग आपली वाट लागली. तुझं ती ऐकते. एक नीट फोटो काढ बिल्डिंगचा, समोरून. बघू दे तिला."

खरं सांगायचं तर देवेशला सौरभच्या हक्काबिक्काचं काही पडलेलं नव्हतं. काकी मुलुंडला गेली तर संध्याकाळी कुणाच्या दारात जायचं, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. ते त्याने स्वतःलासुद्धा उघडपणे सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, छान कोवळं ऊन असताना, तो रस्त्यापलीकडे उभा राहिला. मोबाइलच्या स्क्रीनवर मधोमध लेव्हलची रेघ असते. हात तिरका असला की ती तुटते, सरळ झाला की जुळते आणि पिवळी होते. रेघ पिवळी झाली. त्याने फोटो काढला. पाहिला तर चाळ खड्ड्याच्या बाजूला किंचित कललेली. हात हलला, तो मनात म्हणाला. पुन्हा काढला. पुन्हा तेच. मग मोबाइलची लेव्हलच बिघडली असेल, गेल्या महिन्यात पडला होता.

ज्या माणसाने वर्षभर 'आपला हात वाकडा' एवढंच मनात घोकलंय, त्याला चाळ वाकडी असेल असं कसं सुचणार?

त्याने नेहमीसारखा फोटो जाळीवर घेतला आणि अंगठ्याने फिरवला. चाळीची कड रेघेला बरोब्बर लागली. आता शेजारचा विजेचा खांब कलंडलेला दिसू लागला. मुंबईत कुठला खांब सरळ असतो, म्हणून त्याने तेवढा भाग कापून टाकला. फोटो खरंच झकास आला होता.

काकी भांडी गोणीत भरत बसली होती. त्याने मोबाइल तिच्यापुढे धरला. "बघ. ही उभी रेघ, आणि ही आपली भिंत. आहे कुठे फरक?"

काकीने चष्मा लावला, मोबाइल हातात घेतला, वळवून वळवून पाहिला. "सरळ आसा रे."

"मग?"

"मग माझीच नजर म्हातारी झाली." ती थोडा वेळ गोणीकडे बघत राहिली. "ह्यो माका पाठव. आणि तू सांगतंस तर रवतंय."

त्याने पाठवला. तिने परातीसकट सगळी भांडी परत मांडणीवर लावली. त्या रात्री तो पोटभर जेवला.

पुढल्या मंगळवारी ऊन रखरखत असताना चाळीचा खड्ड्याकडचा अर्धा भाग खाली बसला. पाऊसबिऊस काही नव्हता. पुरुष कामावर, मुलं शाळेत, म्हणून वाचले. देवेश अंधेरीहून पोचला तेव्हा दोरी बांधलेली होती आणि त्याची स्वतःची खोली शाबूत होती, दाराला कुलूपही तसंच होतं. काकीची खोली नव्हती. तिला दुपारनंतर काढली. देवेशने ओळखली, सही केली, आणि मग रस्त्याच्या कडेला बसून लहान पोरासारखा रडला.

उरलेल्यांना जवळच्या शाळेत ठेवलं होतं. बाराव्यानंतर रुचिरा तिथे आली. एका बाकावर त्याच्या शेजारी बसली.

"बिल्डरवर केस करतेय. पडायच्या आधीचा फोटो पाहिजे, वकील म्हणालेत. तुझ्याकडे असेल ना?"

देवेशने मोबाइल काढला. त्या दिवसापासून तो फोटो त्याने उघडला नव्हता. मोबाइल मूळ फोटो जपून ठेवतो; एक बटण दाबलं की केलेलं सगळं पुसलं जातं. त्याने ते दाबलं. खांब परत आला, ताठ उभा. त्याच्या शेजारी चाळ खड्ड्याकडे झुकली होती. लहान मुलालाही दिसलं असतं.

रुचिराने मोबाइल हातात घेतला. "म्हणजे दिसत होतं," ती म्हणाली.

"हो."

"मग तू आईला काय दाखवलंस?"

एवढाच फोटो आहे, असं म्हणता आलं असतं. काकीचा फोन ढिगाऱ्यात गेला होता, आणि विचारणारं दुसरं कुणी नव्हतं. त्याने पुन्हा बटण दाबलं. खांब गेला, चाळ सरळ झाली.

रुचिराने मोबाइल त्याच्या हातात परत दिला.

"हा माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "आईने पाठवला होता. तरी ती म्हणत होती, तू ये, माका ने. फोटोत सरळ आसा पण पाणी अजून हंयच येता. मीच म्हटलं, आई, फोटोत धडधडीत दिसतंय, उगाच हक्क कशाला सोडतेस? टेम्पो मी कॅन्सल केला, देवेश. तिने नाही."

मैदानात चाळीतली मुलं ओरडत होती.

"दोन्ही पाठव मला," रुचिरा उठत म्हणाली. "आणि कोणी काढले, कोणी सरळ केला, ते पण लिही."

त्याने दोन्ही फोटो पाठवले आणि खाली आपलं नाव लिहिलं.