आईची बारा चित्रं

मुलाखत उद्यावर आली होती आणि मला एकच इच्छा होती, झोपायची. छापखान्यातून अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले, आईचं अंग पुसलं, चादर बदलली, मऊ भात भरवला, गोळ्या दिल्या, आणि मग स्वयंपाकघरातल्या जमिनीवर चित्रं मांडायला बसले तर गुडघे कुरकुरायला लागले. कला महाविद्यालयात प्रवेश घ्यायला निघालेल्या मुलीचे गुडघे कुरकुरत नाहीत. पण मी मुलगी कुठली, छत्तीस वर्षांची बाई. प्रवेशाला वयाची अट होती आणि तिच्यात मी कशीबशी या वर्षापुरती बसत होते. आता नाही तर कधीच नाही, असं सरळ गणित होतं.

मी बाइंडिंग खात्यात आहे. दिवसभर कागद दुमडायचे, शिवायचे, कापायचे. छपाईत बिघडलेले मोठे कागद मालक मला नेऊ देतात आणि त्यांच्या कोऱ्या पाठीवर मी चित्रं काढते. रविवारी सकाळी एका चित्रकलेच्या सरांकडे जाते. सर तोंडाचे फटकळ. माझी बाटल्या-भांड्यांची चित्रं बघून म्हणाले होते, "अशा बाटल्या बाजारात ढिगाने मिळतात हो. घेऊन काय करू?" मग गठ्ठ्याच्या तळाशी त्यांना आईची चित्रं सापडली. ती मी दाखवायला नेलीच नव्हती, चुकून गेली होती. सरांनी ती एकेक करून टेबलावर मांडली. शेवटी म्हणाले, "मुलाखतीला बारा चित्रं न्यायची असतात ना? बाराही हीच न्या. दुसरं काही नेलंत तर माझं नाव सांगू नका."

आईला अडीच वर्षांपूर्वी अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू गेली, तोंड एका अंगाला ओढलं गेलं. जीभ मात्र शाबूत राहिली, थोडी जड झाली इतकंच. दवाखान्यातून तिला घरी आणायच्या आदल्या दिवशी मी काय केलं असेल, तर तिच्या पलंगासमोरचा आरसा भिंतीवरून काढून माळ्यावर टाकला. स्क्रू सैल झाला होता, असं तिला सांगितलं. ती "बरं" म्हणाली. त्यानंतर आमच्याकडे आरसा म्हणजे न्हाणीघरातला तळहाताएवढा, माझ्यापुरता.

तर चित्रं मांडली होती आणि मी उत्तरांची तालीम करत होते. सरांनी प्रश्न लिहून दिले होते. हेच माध्यम का? हाच विषय का? "वृद्ध शरीराचा अभ्यास करताना मला असं जाणवलं की..." असं मी फ्रिजला सांगत होते. फ्रिज घरघरला. तेवढ्यात शेजारच्या काकू आल्या. मी कामावर असते तेव्हा आईजवळ त्याच बसतात; उद्या मला उशीर होणार, म्हणून संध्याकाळची गोळी केव्हा द्यायची ते विचारायला आल्या होत्या. जमिनीवर नजर गेली आणि त्यांनी गालावर हात ठेवला.

"अगं बाई! हुबेहूब गं! तोंडसुद्धा अगदी तस्संच वाकडं काढलंयस!"

काकूंचा आवाज असा की चौथ्या घरातलं बाळ दचकून उठावं. मी ओठांवर बोट ठेवलं, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"काय वाकडं?" आतून आई.

काकूंना एकदम गॅसवर ठेवलेलं दूध आठवलं. त्या सटकल्या. नकटीच्या लग्नाला सतरा विघ्नं म्हणतात, त्यातलं हे पहिलं तरी सरळ दारातून आलं.

"काही नाही गं, आई."

"आण इकडे."

"उद्या दाखवते."

"बबे, आण म्हटलं ना."

छत्तीस वर्षांची झाले तरी त्या 'बबे'पुढे माझं काही चालत नाही. बारा कागद घेऊन गेले, तिच्या पाठीशी उशा लावल्या, चष्मा चढवला. तिने उजव्या हाताने एकेक कागद उचलला आणि मांडीवर उपडा ठेवत गेली. मी पलंगाच्या कडेला उभी राहून तिच्या मांडीवरचा ढीग वाढताना बघत होते. आरसा लपवणारी मीच, आणि वर तिचं तोंड बारा कागदांवर रंगवून ठेवणारीही मीच!

"ही न्यायची नाहीत," आई म्हणाली.

"आई, सर म्हणतात की..."

"सरांना त्यांच्या आईची न्यायला सांग."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नको ते बोलले. अडीच वर्षं मी कुठे गेले नाही, कुणाकडे काही मागितलं नाही, एवढं एक मागितलं तर त्यातही तुझा खोडा. ती भिंतीकडे बघत राहिली. मी कागद उचलले आणि स्वयंपाकघरात येऊन भांडी घासायला घेतली. ती घासलेलीच होती.

नेमका तेव्हाच दादाचा फोन. दादा दुसऱ्या शहरात असतो आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकतो. झालेलं सांगितलं तर म्हणाला, "आईला नको असेल तर कशाला उगाच? आणि या वयात कॉलेज म्हणजे... तूच बघ." मी म्हटलं, "मीच बघतेय." फोन ठेवला.

मग बाटल्या काढल्या, पातेली काढली, खिडकीतलं रोपटं काढलं. बारा चित्रं मोजून फोल्डरमध्ये घातली. गठ्ठा दिसायला नीटनेटका झाला. तो कुणाचाही असू शकला असता. मला इतकं थकायला झालं की तिथेच फरशीवर आडवी झाले. वाटलं, उद्या जाऊच नये. सगळ्यांचीच सुटका होईल.

उठले ती आईच्या चहाची वेळ झाली म्हणून. कप तिच्या हातात दिला, तोंडाखाली रुमाल धरला, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "आरसा मी मुद्दाम काढला होता."

आई हसली. हसली की तिचं तोंड आणखी एका बाजूला जातं.

"मला काय डोळे नाहीत? स्टीलच्या पेल्यात रोज बघते. पेल्यात तर त्याहून वाकडं दिसतं."

"मग बोलली का नाहीस?"

"तू एवढी खटपट केलीस. म्हटलं, राहू दे."

मी रुमालाची घडी घातली, मोडली. "मग चित्रांना नाही का म्हणालीस?"

तिने कप माझ्याकडे दिला.

"सगळ्यांत माझे डोळे मिटलेले."

"तू झोपतेस तेव्हाच मला हात रिकामा मिळतो, आई."

"ते माहीत आहे गं. पण मी दिवसभर जागी असते. तेव्हा तू गोळी बघतेस, चादर बघतेस, घड्याळ बघतेस. माझ्याकडे कुठे बघतेस?" मग म्हणाली, "ते लोक विचारतील, ही बाई गेली का म्हणून."

ती खरं बोलत होती. झोपलेल्या आईच्या पापणीवरची शीर न् शीर मला पाठ होती, आणि जाग्या आईशी मी बोलायची ते पाठ फिरवून, काहीतरी निथळत ठेवता ठेवता. मला फार लाज वाटली.

"आता काढू?" मी विचारलं.

"केस विंचर आधी."

केस विंचरले. खिडकीचा पडदा सारला, स्टूल ओढून समोर बसले. उन्हं उतरत होती, प्रकाश बरा होता. मी पेन्सिल टेकवली आणि वर बघितलं, तर ती माझ्याकडे बघत होती. झोपलेला माणूस आपल्याला हवं तितकं बघू देतो. हिची नजर हलेना. तिच्या उजव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका आहे. जन्मापासूनचा असणार. मला तो माहीत नव्हता.

"किती वाळलीस गं तू," आई म्हणाली. "डोळ्यांखाली बघ काय झालंय. रात्री उठू नकोस माझ्यासाठी. मी हाक मारत नाही, तरी उठतेस."

मला रडू आलं. मी काढत राहिले. कपाळाची रेघ दोनदा चुकली, एक कान वर गेला. सरांनी बघितलं असतं तर कागद परत दिला असता. अंधार पडायला लागला तेव्हा थांबले.

आईने चष्म्यातून बघितलं. "वाईट काढलंयस."

"हो."

"हे ने. मग बाकीची अकरा न्यायची तर ने."

दुसऱ्या दिवशी लांब टेबलामागे तिघे बसले होते. मी आईची बाराही चित्रं मांडली, कालचं सगळ्यात शेवटी. त्यांनी बरीच हातात घेतली, आपापसांत हळू आवाजात बोलले, माध्यमाबद्दल काही विचारलं. त्यांतल्या बाईंनी शेवटचा कागद उचलला आणि खिडकीकडे धरला.

"बाकी सगळीकडे तुमचा हात इतका ठाम आहे. इथे काय झालं?"

तालीम केलेलं एकही वाक्य जागेवर नव्हतं.

"इथे ती माझ्याकडे बघतेय," मी म्हणाले.

बाईंनी कागद खाली ठेवला नाही. "अशी अजून आहेत?"

"नाही," मी म्हटलं. "कालच सुरुवात केलीय."