डावा गुडघा, उजवा गुडघा

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. माणसापेक्षा उंच, कडेचा पारा उडालेला आणि थोडा गर्विष्ठ. कारखान्यातले माझे सोबती कपड्यांच्या दुकानांत गेले, नटण्यामुरडण्यात रमले. मला मात्र एका कॉलेजात, थ्रीडी अ‍ॅनिमेशनच्या वर्गातल्या भिंतीवर ठोकले.

आधी मी हिरमुसलो. पण तिथली गंमत न्यारीच! संगणकातल्या बाहुल्याला चालवायचे, तर आधी आपण चालून बघायचे, अशी तिथली रीत. म्हणून मुले माझ्यासमोर धडपडत, लंगडत, खोटे खोटे रडत. पोट धरधरून हसलो मी तिथे. काय दिवस होते ते!

त्यांतली एक मुलगी माझी फार लाडकी. सगळे तिला भिंगरी म्हणत. शेवटच्या वर्षी तिने शिवणयंत्रावरून उठणाऱ्या दमलेल्या बाईची छोटी फिल्म करायला घेतली. ती जमली, तरच तिला हव्या त्या स्टुडिओत काम मिळणार होते. पण सर रोज नाक मुरडत.

"बाई उठतेय की फुगा उडतोय? अंगाला वजनच नाही हिच्या!"

भिंगरी माझ्यासमोर स्टुलावर बसून उठून पाही. उठे ती टुणकन! तरणे गुडघे ते, दमणार कुठून?

एका दुपारी तिची आई वर्गासाठी शिवलेले काळे पडदे घेऊन आली. जिने चढून दमली आणि स्टुलावर टेकली. उठताना आधी वाकली, एक हात गुडघ्यावर रोवला, अर्ध्यातच थांबली, मग कंबर धरून सरळ झाली. पाठमोऱ्या बसलेल्या भिंगरीने हे माझ्यात पाहिले.

"आई, पुन्हा ऊठ ना."

"अगं, उठण्यात काय बघायचंय? काहीतरीच तुझं!"

त्यानंतर भिंगरी संगणकापुढून हलेना. फिल्ममधली बाई खरोखर उठू लागली. सरही खूश झाले. फिल्म द्यायच्या आदल्या दिवशी आई पडदे आखूड करायला आली, तेव्हा तिने ती पाहिली.

"हुबेहूब मीच गं," ती हळूच म्हणाली. "फक्त माझा डावा गुडघा दुखतो."

फिल्ममधल्या बाईचा हात उजव्या गुडघ्यावर होता. आरसा डावे-उजवे उलटे दाखवतो, हे भिंगरी विसरली होती. आणि आईचा कोणता गुडघा दुखतो, हे तिला मुळी ठाऊकच नव्हते. तिचा चेहरा पाहून मला फार वाईट वाटले.

"चित्रच उलटं कर की," सर म्हणाले. पण तसे केले, की शिवणयंत्राचे उजवीकडचे चाक डावीकडे जात होते. "मग राहू दे. कोणाला कळणार आहे?"

"आईला कळलं ना, सर."

ती पुन्हा पहिल्यापासून कामाला बसली. कशीबशी वेळेत फिल्म गेली आणि तिला ते काम मिळाले.

आता मुले मोबाइलवर स्वतःचे चित्रण करतात. मी कपाटामागे धूळ खात पडलो आहे. मध्यंतरी भिंगरी त्याच वर्गावर शिकवायला आली. तिने मला बाहेर ओढले, रुमालाने पुसले आणि मुलांना विचारले, "तुमच्या आईचा कोणता गुडघा दुखतो?"

मुले एकमेकांकडे बघू लागली; एकाने तर हळूच घरी फोन लावला.

मित्रांनो, मला कोणी पुसले नाही तरी चालेल. पण आज घरी आई उठेल तेव्हा नीट बघा. माझ्यात नको, मी उलटे दाखवतो. सरळ तिच्याकडे बघा आणि हात द्या.