निरंक वाडी

बन्सीधर पाहणी कारकून होता आणि त्याचं अक्षर मोत्यासारखं होतं. साहेब त्याचे तक्ते इतरांना दाखवायचे, आणि हा खाली मान घालून आतल्या आत फुशारायचा. चौपन्न साली, हैदराबादचं राज्य अजून उभं असताना, त्याला पालमच्या भागात धाडलं. दवाखाना कुठल्या गावाला द्यायचा हे ठरवण्यासाठी घरोघर विचारायचं होतं, आजारी कोण आहे? लोक सांगतील तेच लिहायचं, पदरचं काही घालायचं नाही, असा हुकूम होता.

वैशाखातल्या दुपारी तो धनगरांच्या वाडीतल्या शेवटच्या घरी पोचला. घर कासाबाईचं. म्हातारीने घोंगडी अंथरली, शेळीचं दूध तापवून पेला हातात दिला. बन्सीधरने तो रिकामा केला आणि मग तक्ता उघडला.

"मावशी, घरात दुखणं-बिखणं?"

"न्हाई बाबा. देवाच्या दयेनं समदं बरं हाय."

मागच्या कोपऱ्यात तिची सून चतुराबाई पांघरुणाखाली कुडकुडत होती. भर वैशाखात! बन्सीधरला ते दिसलं. त्याहून वाईट म्हणजे, म्हातारी खोटं का बोलली हेही त्याला कळलं. तो वालूरचा, याच मुलखातला. आपल्या हातचं खाल्ल्याप्यालेल्या पाहुण्याला त्याची आईही घरातलं दुखणं सांगत नसे. दिलेलं त्याच्या अंगी लागत नाही, म्हणायची. आज वाडीतल्या बावीस घरांनी त्याला काही ना काही पाजलं होतं, आणि बावीसही घरी सगळं बरं होतं.

पण खोदून विचारत बसलं तर पालमची मोटार चुकली असती. त्याने आजाराच्या रकान्यात सुरेख 'निरंक', म्हणजे काही नाही, असं लिहिलं आणि वहाणा पायात सरकवल्या.

दवाखाना सात कोसांवरच्या गावाला गेला.

तीन वर्षांत राज्य बदललं, साहेब बदलले. हिवतापाने माणसं मेली ती निरंक वाडीतच कशी, असं नव्या साहेबांनी विचारलं आणि वाट माहीत असलेला माणूस म्हणून पुन्हा बन्सीधरलाच धाडलं. हुकूमच तसा होता, असं तो मोटारीत वाटभर स्वतःला समजावत होता. समजूत काही पटेना.

कासाबाई आता पार वाकली होती. कोपरा रिकामा होता. तिने त्याला ओळखलं आणि लगबगीने दूध चुलीवर चढवलं.

"मावशी, दूध नको. आधी सांगा."

म्हातारी चुलीपाशीच बसली. "सुनंचं हिव काय सुटलं न्हाई. पुढच्या भादव्यात लय वाढलं. माझा ल्योक मुंजाजी तिला पाठीवर घिऊन दवाखान्याला निघाला व्हता. वाटंतच गेली." मग ती घरोघरची नावं सांगत राहिली. बन्सीधर लिहीत होता आणि आज त्याचं अक्षर वेडंवाकडं येत होतं.

त्याला राहवेना. "मावशी, त्या दिवशी मला दिसली होती ती. मी लिहायला पाहिजे होतं."

कासाबाईने मान वर केली.

"तुमाला दिसलं व्हतं?" ती हळू म्हणाली. "अन् मी तीन वर्सं माझ्याच तोंडाला दोष देत बसले."

ती उठली. दूध चुलीवरून उतरवून तिने झाकून ठेवलं, आणि काढलेला पेला पुन्हा जागेवर पालथा घातला.