काटेसाहेबांची रक्तवाहिनी

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ टेबलावर आडवे होते. बाजारात त्यांना काटेसाहेब म्हणायचे, हे त्यांच्या बायकोनेच मला सांगितलं. त्यांच्या हृदयाची एक रक्तवाहिनी मधेच अरुंद झाली होती. चित्रात ती अर्ध्याहून जास्त बुजलेली दिसत होती, पण नुसत्या चित्रावरून स्टेंट घालायचा की नाही हे ठरत नाही. म्हणून डॉक्टरांनी मनगटातून दाब मोजणारी बारीक तार आत सरकवली होती. अरुंद जागेच्या अलीकडे नळीतून मोजलेल्या दाबापैकी किती टक्के पलीकडे पोचतो, ते ती सांगते. ऐंशीच्या वर आकडा आला तर गोळ्यांवर सुटका.

आकडा वाचणं माझं काम. मी काचेपलीकडे पडद्यासमोर बसते. पडद्यावरचं चित्र दाखवायला त्यांच्या बायकोला, काकूंनाही माझ्या शेजारी बसवलं होतं.

भूल फक्त मनगटाला दिलेली, त्यामुळे काटेसाहेबांचं तोंड चालूच होतं, आणि ते आम्हाला स्पीकरवर ऐकू येत होतं.

"चांगल्या चालत्या नळीत स्प्रिंग कशाला घालायची म्हणतो मी?"

"काका, आता औषध सोडतोय. छातीत जरा जड वाटेल," डॉक्टर म्हणाले.

मिनिटभराने आकडा स्थिर झाला. मी माइकचं बटण दाबून सांगितलं, "त्र्याऐंशी."

"पास! काढा ती तार!" काटेसाहेब म्हणाले. लगेच त्यांच्या कपाळाला आठी पडली. "थांबा. यंत्र बरोबर दाखवतंय कशावरून?"

"तेच बघतोय. तार मागे घेऊन दोन्ही दाब एकाच जागी मोजायचे. शंभर यायला हवेत."

काकू पुटपुटल्या, "पास झालात ना, मग गप्प पडा की!"

तार मागे आली. मी आकडा दोनदा पाहिला. "एकशे चार."

"म्हणजे चढं दाखवतंय," काटेसाहेब हळूच म्हणाले.

"हो. पुन्हा मोजावं लागेल," डॉक्टर म्हणाले.

आता काकूंनीच माझ्या हाताशेजारचं बटण दाबलं. "हौसेने विचारलंत! हातचं घालवलंत ना?"

"अगं, चुकलेल्या काट्यावर पास होऊन काय करू?"

डॉक्टरांनी दोन्ही दाब जुळवून घेतले, तार पुन्हा पुढे गेली, औषध पुन्हा सोडलं. अठ्ठ्याहत्तर. तार मागे घेतल्यावर या वेळी बरोबर शंभर. काटेसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

"काका, आकडा रेषेच्या खाली आहे, पण जेमतेम," डॉक्टर म्हणाले. "त्रास होत नसेल तर गोळ्या वाढवून वाट बघता येईल. त्रास होत असेल तर मी स्टेंट घालीन. फॉर्मवर तुम्ही 'त्रास नाही' असं लिहिलंय. ते मोजायला माझ्याकडे यंत्र नाही. तुम्ही सांगाल ते खरं."

माझ्या पडद्यावर काटेसाहेबांचे ठोके बहात्तरचे अठ्ठ्याऐंशी झाले.

"जिना चढताना," ते शेवटी म्हणाले, "पहिल्याच मजल्यावर छाती आवळते. मी थांबतो. दोनेक मिनिटांत जातं."

"कधीपासून?"

"चार महिने झाले असतील."

काकूंचं बोट पुन्हा बटणावर गेलं. "मी रोज बरोबर असते. मला कसं कळलं नाही?"

"तू पुढे जातेस. मी बुटाची नाडी बांधायला वाकतो."

"अहो, तुमच्या बुटांना नाडी कुठे आहे?"

डॉक्टरांचे खांदे हलायला लागले. तार हातात होती, म्हणून त्यांनी ते लगेच आवरले.

"घाला तो स्टेंट," काटेसाहेब त्यांना म्हणाले, "आणि आधी हिच्या हातातलं ते बटण काढून घ्या."