वजन करून सोडायचा मासा

मुलांच्या मासेमारीच्या दिवशी तलावाकाठी वजनाला मला बसवलं. तीस वर्षं मासे विकतेय, माझ्या काट्यावर कुणी शंका घेत नाही. नियम साधा होता. पोरांनी गळ टाकायचा, लागलेला मासा पाण्याच्या बादलीत माझ्याकडे आणायचा, मी वजन सांगायचं आणि मासा जिवंत परत तलावात सोडायचा.

माझं लक्ष मात्र काट्यावर कमी आणि पलीकडच्या काठावर जास्त. तिथं माझे जावईबापू माझ्या नातीला गळ धरायला शिकवत होते. दोन वर्षांपूर्वी या गृहस्थाची नोकरी गेली. चार महिने रोज सकाळी डबा घेऊन निघायचा, बागेत बसायचा आणि संध्याकाळी दमल्याचं तोंड करून परत यायचा. शोध मीच लावला. तेव्हा आमच्याच घरात, दुकानाच्या माडीवर राहायचा. चारचौघांत त्याचं पितळ उघडं पाडलं आणि घालवून दिलं. आता म्हणे लिफ्ट दुरुस्तीचं काम मिळालंय, दोन खोल्या घेतल्यात, बायको-मुलीला न्यायचंय. लेक उद्या उत्तर देणार होती. उत्तर काय असणार ते मला तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्या दोघी गेल्या की घरात मी आणि बर्फाची पेटी. तेव्हा आज हा माणूस कुठंतरी घसरणार आणि मी ते बघणार, असं ठरवूनच खुर्चीत बसले होते.

लक्षणं काही ठीक नव्हती. बाकीच्यांकडे एकेक बादली, याच्याकडे बादली आणि वर एक झाकणाचा डबा. तोही सावलीत, पायांच्या आड. एकदा त्यानं नातीला लांब कुठंतरी बोट दाखवलं. ती तिकडे वळली, तोवर हा डब्यावर वाकला आणि गळाशी काहीतरी खटपट करून पुन्हा साळसूदासारखा उभा. ते बघण्याच्या नादात मी एका पोरीला सव्वा किलोच्या जागी सव्वातीन सांगितलं. ती बिचारी आनंदानं गेली.

थोड्या वेळानं नात बादली सांभाळत आली. आम्ही तिला भिंगरी म्हणतो, एका जागी ठरत नाही म्हणून. मागून बाप.

"आजी, मला लागला. ओढला तर जराही धडपडला नाही. शहाणा आहे."

बादलीत बघितलं. शहाणा कसला, मेलेला होता. हातात घेतला तर बर्फातून काढल्यासारखा गार, डोळे आत गेलेले. कालचा माल. खरं सांगते, मला उकळ्या फुटल्या. सरबताच्या टेबलाशी माझी लेक उभी होती, तिला हाक मारली.

"ये, बघ तुझ्या नवऱ्याचे उद्योग." मग भिंगरीला म्हटलं, "जा गं, तिथून सरबत पिऊन ये." ती गेल्यावर जावयाकडे वळले. "कुठून आणलात?"

त्यानं मान खाली घातली. "बाजारातून. सकाळी. गेल्या वर्षी तिला काहीच लागलं नव्हतं, दोन दिवस रडली होती. तुमच्या लेकीला यातलं काही माहीत नाही."

लेकीनं नजर चुकवली. चेहरा पांढराफटक.

"अहो, सोडायचा मासा मेलेला आणतात होय," म्हणत मी तो लेकीच्या नाकासमोर धरला, आणि माझीच बोटं शेपटीवर थांबली. शेपटीचं खालचं टोक कातरलेलं होतं. आदल्या दिवशी उरलेल्या माशाची शेपटी आम्ही कातरतो, शिळा माल ताज्यात जाऊ नये म्हणून. हे गिऱ्हाइकांना माहीत नाही, जावयाला तर नाहीच. दुकान आज बंद, आणि त्याच्या किल्ल्या दोनच. एक माझ्या कमरेला, दुसरी लेकीकडे.

म्हणजे काढून दिला होता माझ्याच लेकीनं. जन्मभर मेलेलेच मासे हाताळलेल्या आमच्या घराण्यालाच ही चूक सुचावी. सोडायचा म्हणजे जिवंत हवा, हे तिच्या डोक्यातही आलं नसणार. आणि हा माणूस माझ्यासमोर चोर ठरून तिला पाठीशी घालत होता. ती मात्र मला एवढी घाबरत होती, की त्याला चोर ठरू देत होती. पोटच्या पोरीनं मला इतकं घाबरावं याची मला शरम वाटली. तोंडात आलेलं सगळं गिळलं.

भिंगरी ओठ पुसत परत आली. "किती भरला?"

मासा काट्यावर ठेवला. "एक किलो शंभर. पण दमलाय तो. बाबा त्याला सावकाश सोडून येतील, तू माझ्यापाशी बस."

जावई बादली उचलायला वाकला. मी हळू आवाजात म्हटलं, "संध्याकाळी घरी या. तिघं बसून जेवा आमच्याकडे. पुढचं तुमचं तुम्ही ठरवा, मी मध्ये पडणार नाही."

जावई मासा बादलीत घालून काठाकडे गेला. लेक माझ्या जवळ आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "आई, आता यात काय डाव आहे तुझा?"

मी म्हटलं, "काही नाही गं."

तिला ते खरं वाटलं नाही. तिनं भिंगरीचा हात धरला आणि तिला माझ्यापासून दोन पावलं लांब नेलं.