तृप्ती मॅडमच्या पगाराची बोली

तृप्ती मॅडमनी नोकरी सोडली. हे वाक्य तुम्ही वाचलं नाही असं समजा, कारण आमच्या न्यासाच्या मते असं काही झालेलंच नाही.

नवीन जालन्यात स्टेशनजवळ एका बियाणे कंपनीच्या वरच्या मजल्यावर आमचं पूरमदत केंद्र आहे. मी तिथं फोन उचलतो आणि ट्रक भरतो. केंद्र चालवायच्या तृप्ती मॅडम. पूर्णेला पूर आला की भोकरदनकडच्या कुठल्या गावात टँकर कुठल्या वाटेनं शिरेल, होडी कुणाला मागायची, कुठला सरपंच आकडा फुगवून सांगतो, सगळं त्याच बघायच्या. पगार असा, की मुलीची फी दरवर्षी थकायची. खालच्या कंपनीनं दुप्पट देऊ केला तेव्हा त्या अध्यक्षांना म्हणाल्या, "पगार वाढवा, नाहीतर मी खालच्या मजल्यावर जाते."

अध्यक्ष म्हणजे बालकिशनजी, कापडाचे व्यापारी, मनानं मोठे. त्यांनी बैठक बोलावली.

"मॅडम, दान देणारा विचारतो, माझ्या रुपयातलं पुरापर्यंत किती पोचलं?"

"तो रुपया स्वतः चालत जात नाही, बालकिशनजी."

"लेकिन सेवेचा पगार म्हणजे..."

"ट्रकमध्ये डिझेल टाकतो तेव्हा असं म्हणता का?" विश्वस्त मंजूभाभी म्हणाल्या. "ट्रक बंद पडतो. ह्या पडत नाहीत, एवढाच ह्यांचा गुन्हा."

बालकिशनजी खरंच विचारात पडले. मग त्यांचा चेहरा उजळला. पुराच्या पैशाला हात लावायला नको, मॅडमच्या पगाराची बोली लावू.

देवळात पहिल्या आरतीचा मान बोलीनं ठरतो. जो जास्त बोलेल त्याच्या हाती आरती. बालकिशनजींनी जन्मभर अशा बोल्या चालवलेल्या. त्यांनी दात्यांची सभा भरवली आणि माइक घेतला. "मॅडमच्या वर्षभराच्या पगाराचा लाभ कोण घेणार?"

बोली चढत गेली. प्लायवूडवाले श्रेणिकभाऊ मॅडमनी मागितल्यापेक्षाही वर गेले. मॅडमनी पदर डोळ्याला लावला. मग बालकिशनजींनी हार उचलला, श्रेणिकभाऊंच्या गळ्यात घातला आणि हाताला धरून त्यांना मॅडमच्या खुर्चीत बसवलं.

ज्याची बोली त्याची आरती. पैसे एकानं द्यायचे आणि आरती दुसऱ्यानं करायची, असं बालकिशनजींनी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

"मंग मॅडमचा पगार?" मी विचारलं.

"पगार त्या खुर्चीचा, अंगद. खुर्चीत श्रेणिकभाऊ. आणि ते घेणार नाहीत. रक्कम पूरनिधीत जमा."

टाळ्या झाल्या. खुर्ची मिळाल्याचं सगळ्यात जास्त आश्चर्य श्रेणिकभाऊंना वाटलं होतं, पण गळ्यात हार असताना माणूस नाही कसं म्हणणार?

मॅडम खालच्या मजल्यावर गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात पूर्णा गावात शिरली. श्रेणिकभाऊंनी ट्रक स्वतः उभं राहून भरून घेतला, प्लायवूड भरतात तसा: जड माल खाली, हलका वर. ताडपत्री जड, म्हणून सगळ्यात खाली. वर तांदूळ, त्यावर चादरी. पाऊस वरून पडतो, हा मुद्दा त्यांच्या धंद्यात कधी आला नव्हता.

अर्ध्या वाटेवर त्यांनी मॅडमना फोन लावला. मॅडमनी उचलला. ट्रक उलटा भरायला लावला, टँकरला वाट सांगितली, होडीवाल्याला गाठलं. खालच्या मजल्यावर बियाण्याची बिलं तशीच पडून राहिली आणि तिथल्या साहेबांनी त्यांना पहिली ताकीद दिली.

बालकिशनजी खूश. "बघा, मॅडम गेल्याच नाहीत. पगार तेवढा गेला." वार्षिक सभेत जाहीर झालं की व्यवस्थापनावर खर्चा बिलकुल नाही. दान वाढलं.

संध्याकाळी जिन्यात मॅडम भेटल्या.

"अंगद, दुसरी ताकीद आली तर ही नोकरी पण जाईल. पुढच्या पुराला मी फोन उचलणार नाही."

"उचलाल."

त्या दोन पायऱ्या उतरल्या. "बालकिशनजींनाही तेच माहीत आहे," म्हणाल्या आणि गेल्या.

त्यावर मी न्यासाकडे अर्ज दिला आहे. तो असा:

विषय: नवीन मान सुरू करणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये विनंती करण्यात येते की, पुढील सभेत 'पैसे देऊन बाजूला बसणे' या मानाची बोली लावण्यात यावी. सर्वाधिक बोली बोलणाऱ्या दात्याचा हार घालून सत्कार करावा, त्यांना कोणत्याही खुर्चीत बसवू नये, आणि ती रक्कम दरमहा एक तारखेला श्रीमती तृप्ती यांच्या खात्यावर जमा करण्यात यावी. तोपर्यंत पूर्णा नदीस प्रतीक्षा करण्याबाबत आपल्या स्तरावरून कळविण्यात यावे, ही विनंती.